पुरुष बाजू, चौथी रांग

आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास पिंपरी कॅम्पातल्या एका शाळेच्या मैदानावर नाटकाचा तिसरा अंक चालू असताना निवृत्ती साळवे हे प्रेक्षक रंगमंचावर चढले आणि मुख्य नटाने फोडण्यासाठी उचललेला तंबोरा त्यांनी हिसकावून घेतला. तंबोरा कागदाच्या लगद्याचा निघाला. भोपळा साळव्यांच्या हातात राहिला, दांडी नटाच्या.

ही बातमी मी त्याच संध्याकाळी कॅम्पातल्या एका औषधांच्या दुकानातून फोनवर पुण्याला, माझ्या वर्तमानपत्राला दिली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर नऊ ओळी आल्या. शेवटची ओळ अशी होती : ‘या प्रकारात कोणतेही नुकसान झाले नाही.’ ती ओळ चुकीची होती.

साळवे मूळचे चाकणजवळच्या एका खेड्यातले. १९६२ साली ते पिंपरीला कारखान्यात लागले आणि पुढे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्टर झाले. आम्ही संत तुकाराम नगरात समोरासमोर राहत होतो. मी त्यांना भाऊ म्हणत असे, ते मला ‘पेपरवाले’ म्हणत. इन्स्पेक्टर म्हणजे तयार झालेला भाग मोजून पाहणारा माणूस. त्यांच्या खिशात नेहमी एक दोन तोंडांचे गेज असे. त्याचे एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. पहिले ‘गो’, दुसरे ‘नो-गो’. दोन्ही टोके आत जाऊ लागली तर भोक मोठे पडले, माल रद्द. माणसांबद्दलचे त्यांचे मतही याच भाषेत येई. कुणाच्याही कुठल्याही गाण्याला मान डोलावणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याविषयी ते म्हणत, “त्याच्यात नो-गो पण आत जातं. काय बोलणार?” सर्वांत मोठी स्तुती म्हणजे “टॉलरन्समध्ये आहे,” म्हणजे माप ठरलेल्या मर्यादेत आहे. याच्या पुढची स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

तपासलेल्या मालाला कंपनीत चिठ्ठी बांधत. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे रद्द. छपाईत बिघडलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कंपनी टाकून देई, ते साळवे घरी आणत. त्यामुळे आमच्या इमारतीत चिठ्ठ्यांची ये-जा असे. माझ्या सायकलच्या घंटेला पिवळी चिठ्ठी होती. तळमजल्यावरच्या नव्या दरवाजाला पिवळी होती, बिजागरी कुरकुरत असे. एका वर्षी कॉलनीतल्या गणपतीच्या लाउडस्पीकरला लाल चिठ्ठी बांधलेली आढळली. मंडळाच्या पोरांनी जाब विचारला तेव्हा साळवे म्हणाले, “गणपती पास आहे, राव. भोंगा रिजेक्ट आहे. दोन्ही वेगळे आयटम आहेत.”

प्रत्येक चिठ्ठीच्या मागे ते निळ्या पेन्सिलीने ‘नि. सा.’ अशी सही करत आणि तारीख टाकत. दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी हातात आली तरी वाचून झाल्यावर मागे सही करत. घरात आलेल्या लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. “सही नसेल तर मी बघितलं नाही,” ते सांगत. “आणि सही असेल तर बघितलं नाही असं मला म्हणता येत नाही.”

संगीत त्यांच्याकडे लग्नातून आले. शालिनीबाई खडकीच्या. वडील कामगार. कॅम्पाजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या सारंगियांकडे त्या सात वर्षे गाणे शिकल्या होत्या. मुलगी बघायला साळवे गेले तेव्हा त्यांना गायला सांगितले. गाणे संपले. सगळे “छान, छान” म्हणाले. साळवे म्हणाले, “दुसऱ्या ओळीत थोडं खाली आलात.”

शालिनीबाईंनी पोह्यांच्या बश्या उचलता उचलता विचारले, “तुम्ही आत येताना एक चप्पल उलटी काढलीत. मी काही बोलले का?”

साळवे उठून बाहेर गेले, चप्पल सुलटी केली आणि परत येऊन बसले. लग्न त्याच महिन्यात बुद्धविहारात झाले. दुसऱ्या ओळीत आपण खरेच खाली आलो होतो, हे शालिनीबाईंनी मला पुढे स्वतः सांगितले. “पण त्यांना कळलं नव्हतं हो. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. नेम बसला.”

शालिनीबाई कॉलनीतल्या मुलींना गाणे शिकवत. मुली त्यांना बाई म्हणत, म्हणून साळवेही त्यांना ‘आमच्या बाई’ म्हणू लागले. तीन वर्षे रविवारचा ओव्हरटाइम करून त्यांनी मिरजेहून तंबोरा आणला. तिथल्या कारागिराने शालिनीबाईंना दोन दिवस गायला लावले आणि त्यांच्या आवाजाला जुळेल अशी तंबोऱ्याची जवारी काढली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून आवाज उघडायचा, याला जवारी काढणे म्हणतात. तो कारागीर त्याच वर्षी वारला. तसा हात नंतर कुणाचा बसणार नाही, असे त्याच्या मुलानेच पत्राने कळवले. तंबोरा घेऊन मिरजेहून परतताना गाडीत तो साळव्यांच्या मांडीवर होता. तिकीट तपासनीस म्हणाला, “एवढी मोठी वस्तू?” साळव्यांनी खिशातून अर्धे तिकीट काढून दाखवले. ते तंबोऱ्याचे होते. तपासनीसाने त्याला चिमटा मारला. साळव्यांनी घरी येऊन मागे सही केली.

त्यांना मूल नव्हते. बायका शालिनीबाईंना म्हणत, तंबोऱ्यालाच पोर समजता तुम्ही. त्या म्हणत, “छे. पोर असतं तर एव्हाना बापावर जाऊन बेसूर झालं असतं.”

दोघांची गाणे ऐकण्याची पद्धत कारखान्यातून आली होती. तिथे महत्त्वाचा भाग दोन इन्स्पेक्टर वेगवेगळे तपासत आणि काम होईपर्यंत एकमेकांचा कागद बघत नसत. साळव्यांनी ही रीत घरात आणली. मैफल असो की नाटक, दोघे शेजारी बसत नसत. काय असणार आहे, कोण काय गाणार आहे, हे आधी विचारत नसत आणि कुणी सांगू लागले तर उठून जात. कार्यक्रम संपला की घरी पोचेपर्यंत दोघांनी बोलायचे नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून बसायचे, आपापली चिठ्ठी लिहायची आणि मग अदलाबदल करायची. चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जात.

“लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्या बाई ‘वा’ म्हटल्या की मी ‘वा’ म्हणायचो,” साळव्यांनी मला समजावले. “ती तपासणी नव्हे. तो नुसता संसार झाला.”

मी त्यांच्याबरोबर अनेकदा गेलो आहे. येताना मी दोघांच्या मध्ये चालत असे. मुंबईच्या एका मोठ्या गवयाच्या मैफलीहून परतताना शालिनीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि साळवे त्याकडे मुद्दाम न बघता उजवीकडच्या कंपनीची भिंत बघत चालले होते. बघितले असते तर चिठ्ठीवर परिणाम झाला असता.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नाटक मंडळीचा मॅनेजर मला शोधत आला. मंडळी मुंबईची, नाव देत नाही. नाटक शास्त्रीय गायकांच्या जीवनावरचे होते, एवढेच मला माहीत होते. घाटात ट्रकमधल्या दोन पेट्या घसरून मंडळीच्या तंबोऱ्यावर पडल्या होत्या. पिंपरीत कुणाकडे तंबोरा मिळेल का, असे तो विचारत होता. मी त्याला समोरच्या घरात नेले.

साळवे दाढी करत होते. मॅनेजरने अडचण सांगितली आणि पुढे म्हणाला, “साहेब, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या अंकात ना—”

“थांबा,” साळवे म्हणाले. “नाटकातलं काही सांगायचं नाही. आम्ही येणार आहोत.”

“अहो पण तंबोऱ्याच्याच बाबतीत आहे. तिसऱ्या अंकात तो जो—”

“तंबोऱ्याच्या बाबतीत मी सांगतो, तुम्ही ऐका.” त्यांनी गालावरचा साबण तसाच ठेवून एका हिरव्या चिठ्ठीवर अटी लिहिल्या. खुंट्यांना हात लावायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही. उभा करून ठेवायचा नाही, गादीवर आडवा ठेवायचा. मॅनेजरने तिसऱ्यांदा तोंड उघडले तेव्हा साळवे सरळ मोरीत निघून गेले.

शालिनीबाई तंबोरा लावत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “वाजवणाऱ्याला येतं का वाजवायला?”

“वहिनी, आमचा नट काही गवई नाही. पण अभिनय असा करतो की—”

“म्हणजे येत नाही.” त्यांनी तंबोरा गवसणीत, म्हणजे त्याच्या कापडी खोळीत, घातला. “न्या. एकदा तरी नाटकात सुरातला तंबोरा असू दे.”

मॅनेजर जिना उतरताना मला म्हणाला, “तुमचे हे साहेब जरा डोक्याने कमी आहेत का?” तिसऱ्या अंकात काय आहे ते त्याने मलाही सांगितले नाही. मी विचारलेही नाही. सकाळभर ते ऐकून मलाही विचारू नये असे वाटले असावे.

नाटक चार वाजता सुरू झाले. मांडवात मधली वाट सोडून डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. साळवे पुरुषांच्या बाजूला चौथ्या रांगेत, वाटेच्या कडेला बसले. मी पाचव्या रांगेत, त्यांच्या मागे. शालिनीबाई बायकांत, बऱ्याच पुढे.

गोष्ट अशी होती. एक थोर गवई आहे. त्याची बायको त्याच्याहून चांगली गाते. हे आधी गुरूच्या लक्षात येते, मग गावाच्या आणि शेवटी त्याच्या. गुरू खोकतो फार, पण बोलतो त्याहून जास्त. पहिल्या अंकात बायको गाणे सोडण्याची शपथ घेते. दुसऱ्यात ती चोरून गाते. तिसऱ्यात नवरा तिला पकडतो आणि तिचा तंबोरा फोडतो.

साळवे मांडीवर पॅड ठेवून लिहीत होते. मला मागून वाचता येत होते. पहिल्या अंकाखाली लिहिले होते : ‘नट तंबोरा छेडतो की ढेकूण मारतो ते कळत नाही. गाणारा पडद्यामागे, तोंड पडद्यापुढे. तोंड एक मात्रा उशिरा. गुरूचा खोकला मात्र लयीत.’ दुसऱ्या अंकाखाली : ‘शपथ फार लांब. तेवढ्या वेळात एक ख्याल झाला असता. तंबोरा टॉलरन्समध्ये.’ तंबोरा त्यांचाच होता.

तिसऱ्या अंकाखाली काही लिहिलेले नव्हते. नवरा घरात शिरला तेव्हा साळव्यांनी पॅड खाली ठेवले. बायको माफी मागू लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. मंचावर लाल दिवा लागला होता. आजूबाजूची माणसे हुंदके देत होती. माझ्या शेजारचा सिंधी कापडवाला मोठ्याने नाक शिंकरत होता. नटाने तंबोरा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. साळव्यांचा चष्मा तेव्हा त्यांच्या हातात होता.

ते उठले. मधल्या वाटेने ते पुढे कसे गेले ते मी पाहिले नाही. मंचाच्या डावीकडे विंगेत जाणाऱ्या तीन पायऱ्या होत्या, तिथून ते वर गेले. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारा हा माणूस ओरडला ते गावच्या बोलीत :

“ए! ठिव खाली! आमच्या बाईंचा तंबोरा हाय त्यो! हात लावशील तर हात न्हाई ऱ्हायाचा!”

पुढचे पहिल्या परिच्छेदात आले आहे. भोपळा हातात आल्यावर साळवे तो उलटापालटा करून बघत राहिले. आत वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले होते. नट हळू आवाजात म्हणाला, “काका, पुठ्ठ्याचा आहे. तुमचा आत ठेवलाय.” मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, “वन्स मोअर!” आणि मैदान हसू लागले.

साळवे दोन पावले मागे सरले. मग आणखी दोन, विंगेच्या अंधारात. तिथे अटीप्रमाणे गादी होती आणि गादीवर अटीप्रमाणे त्यांचा तंबोरा गवसणीत आडवा ठेवलेला होता. साळव्यांची टाच त्यावर पडली.

हे मला नंतर कळले. त्या वेळी मी मॅनेजरला गाठून विचारले, काही नुकसान? तो म्हणाला, “छे हो! पुठ्ठ्याचाच होता. प्रत्येक प्रयोगाला फुटतो, आज तुमच्या साहेबांनी फोडला. सकाळी हेच सांगत होतो, ऐकून घेतील तर शपथ.” मी औषधांच्या दुकानात गेलो आणि फोन केला.

परत आलो तेव्हा साळवे मैदानाच्या फाटकाशी उभे होते. चष्मा डोळ्यांवर होता. गवसणीतला तंबोरा त्यांनी दोन्ही हातांवर, आजारी माणसाला उचलावे तसा, आडवा घेतला होता. शालिनीबाई बाजूला उभ्या होत्या. आम्ही निघालो. घर चालत अर्ध्या तासावर होते. रेल्वे लाइन ओलांडली, हायवे ओलांडला. कंपन्यांच्या बस शिफ्टची माणसे घेऊन चालल्या होत्या. एका बसच्या खिडकीतून कुणीतरी हाक मारली, “ओ तंबोरेवाले!” बातमी आमच्या पुढे पोचली होती. नियमाप्रमाणे कुणी बोलले नाही. साळव्यांना भोपळ्याला तडा गेल्याचे माहीत होते आणि ते सांगता येत नव्हते. शालिनीबाईंनाही माहीत होते.

“आवाज आला ना मला,” त्या मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “एवढं मैदान हसत होतं, त्यातून आला. माझ्या भोपळ्याचा आवाज मला कळणार नाही होय?”

“आणि नटाच्या हातातला खोटा होता, तेही माहीत होतं?”

“उचलला तेव्हाच कळलं. खरा तंबोरा उचलला तर तारा बोलतात. तो मुका होता.” मग त्या म्हणाल्या, “शेजारी बसले असते तर हात धरून खाली बसवलं असतं. पण शेजारी बसायचं नाही ना. नियम!”

घरी पोचल्यावर साळव्यांनी तंबोरा पलंगावर ठेवला आणि गवसणी काढली. भोपळ्याला उभा तडा होता. त्यांनी खिशातून पट्टी काढून तो मोजला. सव्वातीन इंच. मग दोघे स्वयंपाकघरात जाऊन पाठीला पाठ लावून बसले. मी बाहेरच्या खोलीतून जाऊ लागलो तर शालिनीबाई म्हणाल्या, “बसा. आज साक्षीदार लागेल.”

साळव्यांचे लिहून आधी झाले. त्यांनी लाल चिठ्ठी शालिनीबाईंच्या खांद्यावरून पुढे केली. तीत लिहिले होते : ‘आयटम : निवृत्ती साळवे. दोष : न तपासता मत. खऱ्याखोट्याची पारख नाही. पाय कुठे पडतो याचे भान नाही. रद्द.’

शालिनीबाईंनी ती वाचली आणि आपली चिठ्ठी मागे धरली. साळव्यांनी ती घेतली नाही.

“नको,” ते म्हणाले. “काय असेल ते मला ठाऊक आहे.”

“न बघताच?”

“रिजेक्ट माल परत उघडून बघत नाहीत, बाई.”

“मग राहू दे डब्यात. वाटेल तेव्हा बघा. मी आपणहून सांगणार नाही. बघण्याआधी सांगायचं नाही, हा तुमचाच नियम.” त्यांनी चिठ्ठीची दुहेरी घडी घातली आणि डब्याच्या अगदी तळाशी, बाकीच्या चिठ्ठ्यांखाली सरकवली. साळवे गॅलरीत जाऊन उभे राहिले. ते जेवले नाहीत, असे शालिनीबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. अकरा वाजता शालिनीबाई शाळेत मुलींच्या गाण्याच्या तासाला गेल्या, तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि शीळ घालत होते. समोर तंबोरा होता. दोन नळ्यांमधला चिकट लगदा मिसळून त्यांनी तडा भरला होता आणि भोपळ्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून गुंडाळले होते. शीळ बेसूर होती. कालच्या माणसाला एका दिवसात काय झाले ते मला कळेना. मी विचारले तर म्हणाले, “काय व्हायचंय? काम निघालं की माणूस सरळ होतो.”

मग त्यांनी माझ्यापुढे माझीच बातमी ठेवली. तिला पिवळी चिठ्ठी लावलेली होती. ‘शेवटची ओळ : तपासणी अपुरी.’

“कुणाला विचारलंत, पेपरवाले?”

“मॅनेजरला.”

“आणि मला?”

“तुम्ही बोलत नव्हतात, भाऊ.”

“तडा बोलत होता. गवसणी सोडून बघायची. एका बाजूनं मोजलेला माल मी पास केला असता, तर आज मोटारी उलट्या पडल्या असत्या.”

दुरुस्ती छापतो, असे मी म्हणालो. त्यांनी नको म्हटले. “काय छापणार? ‘तंबोरा वाचवायला गेलेल्या गृहस्थांनीच तो फोडला’? कंपनीत आधीच मला उस्ताद म्हणायला लागलेत.”

ते खरे होते. गेटवरचा वॉचमन त्यांना पुढे दोन वर्षे “या उस्ताद” म्हणूनच आत सोडत असे. कँटीनमध्ये कुणीतरी एकदा त्यांच्यापुढे पुठ्ठ्याचा डबा ठेवून विचारले, “साहेब, हा खरा का खोटा?” साळव्यांनी गेज काढले, डबा चारही बाजूंनी मोजला आणि म्हणाले, “डबा खरा आहे. ठेवणारा पुठ्ठ्याचा आहे.”

तंबोरा उभा राहिला, पण खर्जाच्या तारेत किंचित घरघर आली ती गेली नाही. मिरजेला पत्र टाकले होते. कारागिराच्या मुलाने उत्तरात लिहिले की भोपळा बदलता येईल, मात्र मग तो वडिलांचा तंबोरा राहणार नाही. शालिनीबाईंनी खुंटीला पिवळी चिठ्ठी बांधली आणि त्याच तंबोऱ्यावर मुलींना शिकवत राहिल्या. मुलींच्या पालकांनी विचारले तर सांगत, “त्याचा घसा बसलाय. तुमच्या मुलीचा बसला तर काय शिकवणी बंद करू?”

डब्याच्या तळाशी असलेल्या चिठ्ठीवरून दोघांची कुरबुर मात्र चालू राहिली. मी असताना ती हमखास निघे.

“आज तरी बघायची का?” शालिनीबाई चहा देताना विचारत.

“नको.”

“घाबरता.”

“न्हाई घाबरत. त्यात लिहिलेलं मी तोंडपाठ सांगतो. लाल आहे. दोष चार.”

“रंगसुद्धा माहीत आहे?”

“पंधरा वर्षं तपासणी करतोय, बाई. बंद खोक्यातला रंग ओळखतो.”

“पुठ्ठ्याचा तंबोरा ओळखलात, तसाच?”

यावर साळवे चहा पिऊ लागत.

एक बदल झाला. त्या नाटकानंतर ते दोघे शेजारी बसू लागले. नियम मोडल्याचे साळव्यांनी कधी मान्य केले नाही. “मध्ये हँडबॅग असते,” ते म्हणत. घरी येईपर्यंत न बोलणे आणि पाठीला पाठ लावून चिठ्ठ्या लिहिणे शेवटपर्यंत चालले.

नाटकानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात, सकाळच्या शिफ्टला निघालेले साळवे जिन्यातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते. सदऱ्याच्या खिशात गेज, निळी पेन्सिल आणि तीन रंगांच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या.

सातव्या दिवशी घरात वंदना झाली. गावाकडची माणसे दुपारच्या बसने परत गेली. कंपनीतले दोघे-तिघे थोडा वेळ थांबले आणि तेही गेले. मी निघालो तेव्हा शालिनीबाईंनी बिस्किटांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

“तुमची ती नऊ ओळींची बातमी दुरुस्त करायची राहिली आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग सगळे कागद बघा. नाहीतर परत एकाच बाजूनं मोजाल.”

वरच्या चिठ्ठ्या मी बाहेर काढून ठेवल्या. तंबोऱ्याचे अर्धे तिकीट निघाले. साळव्यांची लाल चिठ्ठी निघाली.

“माझी अगदी खाली आहे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी ठेवली, तिला परत हात लावला नाही. शेवटपर्यंत बघितली नाही माणसानं. हट्ट म्हणजे किती!”

चिठ्ठी दुहेरी घडीची होती. मी ती उघडली. रंग हिरवा. शालिनीबाईंच्या अक्षरात लिहिले होते : ‘नाटक : रद्द. नट : रद्द. गुरू : खोकला तेवढा पास. तंबोरा : दुरुस्ती. प्रेक्षक, पुरुष बाजू, चौथी रांग : पास.’

मी चिठ्ठी उलटी केली आणि त्यांच्यापुढे धरली. मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने ‘नि. सा.’ अशी सही होती. सहीखाली तारीख होती. ती नाटकाच्या दुसऱ्या दिवसाची, सोमवारची होती.